वडील वारले, फोन लॉक आहे. त्यांच्या जीमेलमधले फोटो कसे मिळतील?

तुम्ही कर्नाटकातल्या निपाणीचे, वडील कोल्हापूरच्या दवाखान्यात वारले, फोटो सगळे त्यांच्या गूगल खात्यात. भाऊ म्हणतोय, सिम आपल्याकडेच आहे, ओटीपी मागवून पासवर्ड बदलू. चिकोडीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, असली कामं येत असतात, म्हणून लिहितोय.

भावाला आधी थांबवा. वडिलांनी हयातीत गूगलच्या ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये तुमचं नाव घातलं असेल, तर खाते 3 ते 18 महिने (जी मुदत त्यांनी निवडली असेल ती) वापराविना राहिल्यावर तुम्हालाच मेल येतो आणि डेटा उतरवून घेता येतो. पण भाऊ त्यांच्या नावाने आत शिरत राहिला, किंवा फोन नुसता वायफायवर चालू राहिला, तरी गूगलच्या लेखी खाते वापरात आहे. मुदत सुरूच होत नाही! फोन बंद करून कपाटात ठेवा. ‘लॉक काढून देतो’ म्हणणाऱ्या पोरांकडे तर नेऊच नका. ते बहुतेक वेळा रिसेट मारतात, आणि बॅकअप न झालेले फोटो त्यातच जातात.

सिम मात्र जिवंत ठेवा. साध्या बटणांच्या फोनात घाला, रिचार्ज मारा आणि कंपनीच्या दुकानात जाऊन वारस म्हणून आपल्या नावावर करून घ्या. 90 दिवस न वापरलेला नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे भलत्याच कुणाला मिळतो.

इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये नाव घातलेलं नसेल, तर मृत व्यक्तीच्या खात्यासाठी गूगलचा वेगळा फॉर्म आहे. पासवर्ड ते कुणालाच देत नाहीत. मजकूर काही प्रकरणांतच देतात, तरी अर्ज कराच. खरी रखडपट्टी कागदांची असते. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते, म्हणजे तुमचा दाखला कोल्हापूरचा, आणि वंशावळ (वारस कोण ते दाखवणारा कागद) आपल्या नाडकचेरीची, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीची. तिकडच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं. इकडच्या आधारवर कधी नुसतं नाव आणि आडनाव, त्यातही इंग्रजी स्पेलिंग कन्नड वळणाचं. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं अ‍ॅफिडेव्हिट वकिलाकडून करून ठेवा, सिमला आणि बँकेलाही ते कामी येतं. कन्नड कागद जोडायचा असेल तर नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर लागतं.

फेसबुकवर दाखला दिला की खाते स्मृतिखाते होतं, मेसेज वाचायला मिळत नाहीत. व्हॉट्सॲप 120 दिवस वापरलं नाही तर साधारणपणे खातेच पुसलं जातं. त्यातले फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर शोधा, तिथे बरेच सापडतात.

आणि त्यांच्या फोनपेवरून पैसे काढायच्या भानगडीत पडू नका. नॉमिनी कोण ते पासबुकात बघा आणि शाखेत रीतसर क्लेम टाका.