फोटो शार्प करायला अनशार्प मास्क वापरावा की हाय पास?

दोन्ही फोटोतल्या कडा ठळक करायला वापरले जाणारे फिल्टर आहेत. आधी फोटोत काय आहे ते बघा, फिल्टर मग निवडा. पक्ष्याची पिसं, देवळावरचं कोरीवकाम अशा बारीक तपशिलाला अनशार्प मास्क उत्तम; रेडियस, म्हणजे कडेपासून किती अंतरापर्यंत परिणाम होतो तो आकडा, ०.५ ते १ पिक्सेलच्या आसपास ठेवा. रेडियस वाढवला की कडांभोवती पांढरी किनार दिसू लागते आणि फोटो लगेच कृत्रिम वाटतो.

चेहऱ्यासाठी मात्र मी फोटोशॉपमधला हाय पासच सुचवेन. लेयरची कॉपी करा, तिच्यावर हाय पास लावा, ब्लेंड मोड (वरची लेयर खालच्या लेयरमध्ये कशी मिसळते ते ठरवणारा पर्याय) ओव्हरले ठेवा आणि लेयर मास्कने, म्हणजे लेयरचा नको तो भाग झाकून, परिणाम फक्त डोळे, भुवया, केस यांच्यापुरता राखा. त्वचा शार्प करू नका, एकेक छिद्र उठून दिसतं. लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हेच काम मास्किंग स्लायडर करतो: ऑल्ट दाबून तो ओढा, जिथे पांढरं दिसेल तेवढाच भाग शार्प होतो.

फोटो काढताना आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) जास्त असेल तर आधी नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी करा, नाहीतर तेच ठळक होतील. शेवटचं शार्पनिंग फोटोचा आकार बदलल्यानंतर, १०० टक्के झूमवर बघत करा. आणि फोकसच चुकला असेल तर या दोन्हींचा उपयोग नाही. ते फक्त कडांचा कॉन्ट्रास्ट वाढवतात, हरवलेला तपशील आणत नाहीत.