सहा आठवड्यांची लेक सारखी दूध मागतेय : वरचं सुरू करण्याआधी हे वाच

तू लिहिलंयस की लेक सहा आठवड्यांची झाली आणि परवापासून संध्याकाळी सुरू होते ती मध्यरात्रीपर्यंत सोडतच नाही. पाजून खाली ठेवली की लगेच मुठी चोखते, पुन्हा घेतली की दोन घोट पिऊन रडत मागे ओढते. छाती आधीसारखी भरून येत नाही, पंपाने जेमतेम ३० मिली निघालं आणि आई-मावशी दोघी म्हणतायत, "दूध पुरत नाहीये, वरचं सुरू कर."

माझं सरळ उत्तर असं : ती लंगोट नीट ओले करत असेल आणि वजन वाढत असेल, तर वरचं सुरू करू नकोस. मागेल तेव्हा पाजत राहा.

हा ग्रोथ स्पर्ट, म्हणजे बाळाच्या झपाट्याने वाढीचा काळ दिसतोय. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, मग सहाव्या आठवड्याच्या आसपास, तिसऱ्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात बाळं असं वागतात. दोन-तीन दिवस चालतं, कधी आठवडाभरही. या दिवसांत बाळ सारखं ओढतं, कारण त्याला पुढच्या दिवसांसाठी जास्त दूध हवं असतं आणि ते वाढवून घ्यायचा त्याच्याकडे हा एकच मार्ग आहे. छातीत दूध साचून राहिलं की नवीन दूध बनायचा वेग मंदावतो, रिकामी होत गेली की तो वाढतो. आपल्या आज्या म्हणायच्या, विहीर उपसली की झरे मोकळे होतात. अगदी तसंच आहे हे.

आता वरच्या दुधाने काय होतं ते बघ. रात्री बाटली दिली, पोरगी ढेकर देऊन चार तास झोपली. घरात सगळ्यांना हायसं वाटतं आणि "बघ, भुकेलीच होती" हे पक्कं होतं. पण त्या चार तासांत तुझी छाती भरून राहिली, म्हणजे शरीराला कळलं की एवढ्या दुधाची गरज नाही. दुसऱ्या दिवशी दूध थोडं कमी, लेक पुन्हा किरकिरी, पुन्हा बाटली. मागणी वाढलेली असते नेमक्या त्याच दिवसांत हे होतं, आणि दूध चांगलं असलेल्या कितीतरी आयांचं अंगावरचं असंच सुटत गेलेलं मी पाहिलंय. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, म्हणून एवढं लांब लिहितेय.

तुझ्या तीन काळज्यांबद्दल. छाती मऊ लागणं या सुमाराला अगदी स्वाभाविक आहे. सुरुवातीची ती दगडासारखी भरलेली छाती म्हणजे शरीराला अजून अंदाज आलेला नव्हता. आता तो येतोय. दूध आटलं असा त्याचा अर्थ नाही. पंपाचं म्हणशील, तर बाळ जेवढं ओढतं तेवढं पंप ओढत नाही. त्यातून तू पाजून झाल्यावर काढलंस, तेव्हा ३० मिली हे चांगलंच आहे. पहिल्या महिन्यानंतर बाळं दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिली पितात, तेही आठ-दहा-बारा वेळा मिळून. एका वेळचं किती होतं ते तूच काढ. आणि रडणं. बाळांचं रडणं मुळातच सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं, बाटलीवरच्या बाळांचंसुद्धा. म्हणून प्रत्येक रडणं भुकेचं धरू नकोस. कधी कडेवर घेऊन अंधाऱ्या खोलीत चार फेऱ्या मारल्या तरी शांत होतात.

मग बघायचं काय? लंगोट. चोवीस तासांत सहा किंवा जास्त चांगले ओले, शू फिकट रंगाची. डायपर वापरत असशील तर कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात धर, म्हणजे "ओला" म्हणजे किती जड ते कळेल. शी मात्र या वयात दोन-चार दिवस झाली नाही तरी, मऊ असेल तर, घाबरू नकोस. वजन पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढतं. एकाच काट्यावर, कपडे काढून करायचं. दोन वेगळ्या काट्यांवरच्या फरकाने किती घरांत उगाच रडारड होते!

पाजताना तिच्या हनुवटीकडे बघत जा. आधी भराभर, उथळ चोखते. मग पान्हा फुटला की लय संथ होते : हनुवटी खाली जाते, क्षणभर थांबते, आणि गिळल्याचा बारीक आवाज येतो. हे थांबून नुसतं चाळवल्यासारखं चोखायला लागली की चार बोटं खाली नि अंगठा वर असा हात लावून छाती हळूच दाब आणि दाबून धर. पुन्हा गिळायला लागेल. तेही थांबलं की बाजू बदल, मग परत पहिली बाजू. संध्याकाळी धार हळू असते, म्हणून ती चिडून मागे ओढते. अशा वेळी बाजू बदलत राहिलं की बरीच शांत होतात. तिला नुसत्या लंगोटावर तुझ्या उघड्या छातीशी घेऊन वर दुपटं टाक, त्यानेही फरक पडतो. रात्रीचं पाजणं टाळू नकोस, दूध बनवणारं हार्मोन रात्रीच जास्त असतं. कुशीवर झोपून पाजायला शीक, पाठ वाचेल. पण सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत तिला घेऊन डोळा लागू देऊ नकोस, ते बाळासाठी खरंच धोक्याचं आहे.

स्तनाग्रांना चिरा असतील, किंवा पाजून झाल्यावर ती चपटी-तिरकी दिसत असतील, तर लॅच, म्हणजे बाळाची स्तनावरची पकड, बिघडलाय. नुसतं जास्त वेळा पाजून ते सुटत नाही. स्तनपान सल्लागार किंवा जाणती नर्स गाठून पाजताना प्रत्यक्ष बघायला सांग.

आळीवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोप जरूर खा. तुला रोज पाचसहाशे कॅलरी जास्त लागतात, त्यामुळे दोन वेळच्या वरण-भातावर भागणार नाही. पण लाडू कितीही खाल्ले तरी छाती रिकामी झाल्याशिवाय दूध वाढत नाही. आणि बाळाला पाणी, मध, गुटी, ग्राइप वॉटर यातलं काही नको. सहा महिने फक्त अंगावरचं, डॉक्टरांनी दिलेलं औषध किंवा व्हिटॅमिन डीचे थेंब तेवढे वेगळे. मध तर वर्षभर नकोच.

आईशी भांडू नकोस. नातीचं रडणं तिला बघवत नाही, एवढंच आहे ते. तिलाच लंगोट मोजायला सांग, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारू दे. रेघा वाढलेल्या दिसल्या की तिचाही जीव शांत होईल. आणि या दिवसांत तुझं ताट तुझ्या हाताशी आणून द्यायचं काम मावशीकडे.

पण लंगोट सहापेक्षा कमी झाले, शू गडद झाली, टाळू खोल गेली, ती मलूल पडून पाजायलाही उठेनाशी झाली, हिरवी उलटी केली, ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर त्याच वेळी, रात्र असली तरी, डॉक्टरांकडे ने. वजन वाढत नाही म्हणून डॉक्टरांनी वरचं सांगितलं तर ते द्यायचंच, त्यात तुझी काही हार नाही. शक्यतो वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दे, आणि प्रत्येक वेळी पंपानेही काढ, म्हणजे तुझं दूध टिकून राहील. तुला थंडी वाजून ताप आला आणि छातीवर लाल, दुखरा, कडक भाग दिसला, तर तूही डॉक्टरांकडे जा. पाजणं मात्र त्या बाजूनेही चालू ठेव.

शेवटचं वजन कधी आणि किती होतं ते लिहिलं नाहीस. उद्या काट्यावर ठेव आणि दोन्ही आकडे तारखांसकट इथे टाक, म्हणजे नेमकं सांगता येईल.