आजोबांच्या डब्यातलं चांदीचं नाणं रोमन आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की नाण्यावर राजाचं तोंड आहे, कडेने इंग्रजीसारखी अक्षरं आहेत, म्हणजे रोमनच असणार. थांबा. तोंड सगळ्यात शेवटी बघा, आधी वजन करा. ओळखीच्या सराफाकडे जा, मिलिग्रॅमपर्यंतचा काटा असतो त्याच्याकडे.

रोमचं नेहमीचं चांदीचं नाणं म्हणजे डिनेरियस. ऑगस्टस-टायबेरियस या पहिल्या दोन रोमन सम्राटांच्या काळातलं साधारण पावणेचार ग्रॅमचं, इ.स. 64 च्या सुमारास सम्राट नीरोने ते उतरवून साडेतीनच्या आत आणलं. तुमचं नाणं दोन ग्रॅमच्या आसपास भरलं, तर ते बहुधा क्षत्रपांचं, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांचं आहे. आपल्याकडे ही गफलत फार होते, कारण क्षत्रपांच्या नाण्यांवरही उजवीकडे बघणारा राजा आणि भोवती ग्रीक अक्षरं असतात. पुढे पुढे तर ती अक्षरं नुसती नक्षी झाली. पण उलटून पाहा. मागे ब्राह्मी अक्षरं, बाण आणि वज्र असेल तर तो त्यांच्यातला नहपान राजा. त्याची तेरा हजारांवर नाणी 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडली, आणि त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. माझ्या मते अशी दोन राजांची छाप असलेलं नाणं कुठल्याही डिनेरियसपेक्षा सरस!

वजन डिनेरियसशी जमलं तर मग अक्षरं. रोमन लोक ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरायचे आणि शब्दांत जागा क्वचितच सोडायचे. ‘ए-व्ही-जी’ दिसलं की ऑगस्टस ही पदवी. दक्षिण भारतात, विशेषतः कोइमतूरच्या बाजूला, टायबेरियसचं एक नाणं पुष्कळ सापडतं: पुढे त्याचं डोकं, मागे हातात फांदी घेऊन खुर्चीवर बसलेली बाई. डोक्यावर सूर्यकिरणांसारखा काटेरी मुकुट असेल तर ते डिनेरियस नव्हे, इ.स. 215 नंतरचं अँटोनिनियानस नावाचं दुसरं रोमन नाणं. त्यातली चांदी पन्नासेक वर्षांत जवळजवळ संपली.

आता खोटं-खरं. कॉलेजात असताना मी असाच एक ‘टायबेरियस’ घेतला होता, अर्ध्या महिन्याचा खर्च घालून. घरी येऊन भिंगातून कड पाहिली तर सभोवार एक बारीक शिवण! साच्याचे दोन अर्धे जोडल्याची. खरं नाणं ठशावर हातोडा मारून पाडलेलं असतं, त्याची कड वेडीवाकडी असते, कधी चिरलेलीही, पण शिवण नसते. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले तरी ओतीव काम समजा. मात्र कुठे आतलं तांबं डोकावत असेल तर लगेच टाकून देऊ नका. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवायची लबाडी रोमन काळातही चालायची.

रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासू नका, काळेपणा राहू द्या. आणि नाणं डब्यातलं नसून शेतात सापडलेलं असेल, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

वजन कळवा, आणि दोन्ही बाजूंचे फोटो टाका. फ्लॅश नको, खिडकीतला तिरपा उजेड चांगला.