बायबल प्रश्नोत्तरे : बाबांची खोली, भावाचा वाटा

प्रश्न : परळची आमची चाळ पुनर्विकासाला गेली आहे. बाबांना शेवटची आठ वर्षं मी आणि बायकोने सांभाळलं. आता पुण्याचा भाऊ निम्मा वाटा मागतो. बहिणीचं लग्न झालंय, तिचा प्रश्न नाही. भावाला नकार दिला तर तो लोभ ठरेल का?

दादा, हाच तंटा घेऊन एक माणूस येशूकडे आला होता. 'गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा.' लूकच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात हे आहे. येशूने पंच व्हायला नकार दिला, 'लोभापासून सांभाळा' म्हणाला आणि एका श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. अमाप पिकलं, म्हणून हा जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो आणि त्याच रात्री मरतो.

या माणसाने चोरी केलेली नाही, हे नीट पाहा. पण त्याचं बोलणं ऐका : माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. कापणी करणारे मजूर, शेजारी, घरची माणसं, कोणीच त्यात नाही. मला लोभाची खूण तिथे दिसते. आणि तुमच्या पत्रात बहीण एका वाक्यात निकालात निघाली, ते वाचून मी थांबलो. ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी असा भेद तो करत नाही. खोली भाड्याची किंवा पागडीची असेल तर नियम वेगळे, वकिलाला विचारा. आठ वर्षांच्या सेवेचा हिशेब मांडण्यात पाप नाही. फक्त तो बिल्डरच्या कागदावर सह्या होण्याआधी, तिघं एकत्र बसून मांडा.

प्रश्न : 'पृथ्वीवर संपत्ती साठवू नका' असं असताना दरमहा एसआयपी भरणं चुकीचं आहे का?

नाही. योसेफाने मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा धान्य साठवलं आणि दुष्काळात लोक जगवले. प्रेषित पौलही आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पैसा वाईट असं लिहीत नाही, पैशाचा लोभ म्हणतो. उद्या भावाच्या ऑपरेशनला तो फंड मोडायची वेळ आली तर हात आखडेल का, एवढं स्वतःला विचारा.

प्रश्न : मी घरकाम करते, नवरा आजारी आहे. एका सभेत उपदेशक म्हणाले, पाच हजार द्या, देव शंभरपट देईल. विधवेनेही सगळं दिलं होतं. बचत गटातून कर्ज काढलंय. देऊ का?

देऊ नका, ताई. हे वाचून फार वाईट वाटलं. मार्कच्या १२व्या अध्यायात त्या विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट ४१व्या ओवीपासून सुरू होते; ती गरीब बाई मंदिराच्या दानपेटीत जवळची दोन क्षुल्लक नाणी, म्हणजे होतं नव्हतं ते सगळं, टाकते. त्याच्या अगदी आधी, ४०व्या ओवीत, विधवांची घरं गिळणाऱ्या आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना येशूने खडसावलं आहे. या दोन ओव्या मी कधीच वेगळ्या वाचत नाही. तिच्या देण्याचं त्याने मोल केलं. पण शंभरपट परत मिळेल असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. पौल करिंथच्या मंडळीला दुसऱ्या पत्रात स्पष्ट लिहितो : दान आपल्याजवळ असेल त्यातून मान्य होतं, नसेल त्यातून नाही. कर्ज म्हणजे नसलेलंच.

पहिल्या ख्रिस्ती मंडळीत गरजवंतांना प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाटून दिलं जाई. विधवांच्या रोजच्या जेवणासाठी सात माणसं नेमली होती. म्हणून गटाचे पैसे आधी परत करा. रविवारी थैली समोर आली तर दहा रुपये टाका, नसतील तर टाकू नका. पण उपासनेनंतर पाळकांना गाठून नवऱ्याच्या औषधांचं जरूर सांगा.