नळाच्या पाण्याचा टीडीएस १८० आहे, तरी आरओ घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात फ्लॅटमध्ये महापालिकेचं पाणी येतं. विक्रेत्याने घरी येऊन ग्लासात मीटर बुडवला, १८० आकडा दाखवला आणि आरओशिवाय गत्यंतर नाही असं सांगितलं. शिवाय गावी सासऱ्यांकडे बोअरचं पाणी आहे, तर तिथेही तेच मशीन बसवावं का?

फ्लॅटसाठी आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं मशीन, घेऊ नका. यूव्हीचं, म्हणजे अतिनील दिव्याने जंतू मारणारं, साधं मशीन पुरेसं आहे. गावच्या बोअरचं उत्तर वेगळं आहे, ते शेवटी सांगतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. ओळखीपाळखीच्या लोकांकडून हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, आणि दर वेळी गोष्ट त्याच एका आकड्यावर येऊन अडलेली असते. म्हणून सुरुवात त्या आकड्यापासूनच करतो.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण, एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. आपल्या पाण्यात हे पदार्थ म्हणजे मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियमचे क्षार. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५००. त्यात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलं जातं. तुमचं १८० या मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली आहे. हे चांगलं पाणी आहे, चवीलाही चांगलं लागतं. विक्रेत्याने जो आकडा भीती घालायला वापरला, तोच तुम्हाला आरओ नको असल्याचा पुरावा आहे.

आता तो मीटर काय मोजतो ते बघा. त्याच्या टोकाला दोन धातूचे बिंदू असतात. त्यांच्यामधून पाणी किती वीज वाहून नेतं हे तो मोजतो आणि एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. म्हणजे वीज वाहणारे क्षारच तेवढे त्याला दिसतात. घरी करून बघा: ग्लासभर पाण्यात चमचाभर साखर विरघळवा, मीटरचा आकडा जवळजवळ हलणार नाही. मग दुसऱ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका, आकडा शेकड्यांनी उडेल. जंतू त्याला दिसत नाहीत. कीटकनाशकांचे अंश दिसत नाहीत. आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. पूर्णांकात आकडे दाखवणाऱ्या मीटरला ते कुठून सापडणार? ड्रेनेज मिसळलेल्या पाण्याचा टीडीएस २०० असू शकतो आणि गोड, निर्मळ विहिरीच्या पाण्याचा ६००. मीटर पहिल्याला पास करेल आणि दुसऱ्याला नापास.

दुसरा प्रयोग तुमच्याकडे झाला नसेल, तर होईल. विक्रेता दोन ग्लास घेतो, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत विजेवर चालणारं एक उपकरण बुडवतो. काही क्षणांत नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ धरतो, आरओचं पाणी मात्र तसंच राहतं. घरातली मोठी माणसं हादरतात. “हे आपण पितो?” तो गाळ पाण्यातला नाही. उपकरणाच्या लोखंडी सळ्या विजेने झिजतात आणि त्यांचंच लोखंड पाण्यात उतरून गाळ होतो. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून सळ्या झिजत नाहीत. त्याच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि प्रयोग पुन्हा करायला लावा, तिथेही तसाच गाळ दिसेल. शिक्षक म्हणून मला या प्रकाराची खरोखर चीड येते, कारण यात विज्ञानाचं उपकरण वापरून माणसांना विज्ञानापासून दूर नेलं जातं.

मग महापालिकेच्या पाण्यात धोका नसतोच का? असतो, पण तो क्षारांचा नाही, जंतूंचा आहे. खडकवासल्याचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडताना गाळलेलं आणि क्लोरीन घातलेलं असतं. गडबड होते ती वाटेत. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. पाणी बंद झालं की जलवाहिनीतला दाब जातो, आणि कुठे फट असेल तर बाजूच्या मातीतलं किंवा गटारातलं पाणी आत ओढलं जातं. त्यानंतर येते सोसायटीची जमिनीखालची टाकी, मग गच्चीवरची. झाकण नीट नसलेली, वर्षानुवर्षं न धुतलेली टाकी मी बऱ्याच चांगल्या सोसायट्यांत पाहिली आहे. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत टाक्या शेवटच्या कधी धुतल्या ते विचारा. मशीन घेण्याआधी हे करा, कारण त्याचा फायदा सगळ्या इमारतीला होतो, भांडी घासायच्या आणि दात घासायच्या पाण्यालासुद्धा.

जंतूंपासून वाचवतो तो क्लोरीन. नळाशी पोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो. गावाकडे आरोग्यसेवक आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी हे ओटी टेस्टने बघतात: नळीत पाणी, त्यात द्रावणाचे थेंब, आणि पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. तसला छोटा संच दुकानात सहज मिळतो. टीडीएस मीटरपेक्षा हा संच तुमच्या घरी शंभरपट उपयोगाचा. रंग आलाच नाही तर महापालिकेकडे तक्रार करायला तुमच्या हातात ठोस काहीतरी असेल.

आणि इथेच आरओचा असा दोष आहे, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. आरओचा पडदा क्लोरीनने खराब होतो, म्हणून त्याच्याआधी कार्बन फिल्टर लावून सगळा क्लोरीन काढून टाकावा लागतो. पुढे ते पाणी मशीनच्या प्लास्टिकच्या टाकीत तासन् तास साठतं, कुठल्याही संरक्षणाशिवाय. टाकी कधी आतून धुतली जात नाही. चार दिवस गावाला जाऊन आलात आणि तेच पाणी प्यायलात, तर शुद्ध पाण्याच्या नावाखाली शिळं पाणी पिताय. ज्यांच्याकडे आधीच आरओ आहे त्यांना मी कळकळीने सांगतो: परत आल्यावर टाकी पूर्ण रिकामी करा, पुन्हा भरू द्या, तीही रिकामी करा, आणि मगच प्या.

आरओचं पाणी म्हणजे निर्धोक पाणी, हा समज किती फसवा आहे हे पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये पाहिलं. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे, रुग्ण अचानक वाढले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. तपासणीत त्या भागातल्या खासगी आरओ प्रकल्पांचं, म्हणजे जिथून लोक जार भरून आणतात त्यांचं, पाणीही पिण्यायोग्य नसल्याचं आढळलं आणि महापालिकेने असे प्रकल्प बंद केले. टीडीएस मीटर बुडवला असता तर त्या पाण्याने उत्तम आकडा दाखवला असता.

आता वाया जाणाऱ्या पाण्याचं. आरओचा पडदा पाणी अडवत नाही, क्षार अडवतो, आणि ते अडवलेले क्षार वाहून न्यायला बरंच पाणी सोडून द्यावं लागतं. घरगुती मशीनमध्ये एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे साधारण दोन ते तीन लिटर पाणी त्या बारीक नळीतून सिंकमध्ये जातं. चौघांच्या घरात पिणं आणि स्वयंपाक मिळून रोज वीस लिटर धरा. म्हणजे रोज चाळीस ते साठ लिटर वाया, वर्षाला पंधरा हजार लिटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त. ज्या शहरात मे महिन्यात टँकरसाठी फोनावर फोन करावे लागतात, तिथे प्रत्येक घराने दीड-दोन टँकर चांगलं पाणी गटारात सोडायचं, तेही गरज नसताना! राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी घाला. त्यामागचं कारण हेच. तुम्ही घ्यायचं ठरवलंच, तर निदान ती नळी बादलीत सोडा. १८० च्या पाण्यातून बाहेर पडणारं ते पाणी अडीचशेच्या आसपासचं असतं. फरशी, धुणं, भांडी, कुंड्या, सगळ्याला चालतं.

यूव्ही मशीनलाही दोष आहेत, ते लपवत नाही. अतिनील दिवा जंतूंना मारतो तो पाणी नितळ असेल तरच. जुलै-ऑगस्टमध्ये नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा गाळाच्या कणांमागे जंतू लपतात, म्हणून दिव्याआधीची गाळणी वेळच्या वेळी बदला. दिवा निळा पेटलेला दिसतो म्हणजे तो काम करतोय असं नाही. साधारण वर्षभरात त्याची ताकद उतरते, दिसायला मात्र तसाच दिसतो. वीज गेली की मशीन बंद. घेताना दोन गोष्टी बघा: दिवा बंद पडला तर पाण्याची धार आपोआप थांबते का, आणि साठवणीची टाकी नसलेलं, थेट धार देणारं मॉडेल मिळतंय का. टाकी नसेल तर शिळ्या पाण्याचा प्रश्नच मिटतो. यूएफची, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीची, नळी जोडलेली असेल तर उत्तम, ती विजेशिवाय जिवाणू अडवते, विषाणूंची मात्र खात्री देत नाही. घरात कुणी आजारी असेल किंवा बाहेर साथ असेल तेव्हा सरळ पाणी उकळा. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. दहा-दहा मिनिटं गॅस जाळायची गरज नाही.

तुमच्या बाबतीत माझं मत एकाच गोष्टीने बदलेल. उन्हाळ्यात तुमच्या सोसायटीत टँकर येतात का? टँकरचं पाणी पुष्कळदा बोअरचं असतं. मे महिन्यात पुन्हा मोजा. तेव्हा आकडा सात-आठशेवर जात असेल आणि तसे महिने वर्षात बरेच असतील, तर आरओचा विचार करता येईल. पंधरा दिवसांसाठी मात्र घेऊ नका.

वार्षिक देखभालीच्या कराराबद्दल थोडंसं. तो घेतलात तर दर भेटीत काहीतरी बदललंच पाहिजे असं मानू नका. पहिली गाळणी तपकिरी झाली म्हणजे ती आपलं काम करतेय, तिचं रंगणं हा घाबरण्याचा विषय नाही. आरओचा पडदा गेला असं कुणी सांगितलं, तर येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस स्वतः मोजा. मीटरचा खरा उपयोग हा. ९० टक्के क्षार कमी होत असतील तर पडदा ठणठणीत आहे.

आता गावचं बोअर. तिथे फ्लॅटवालं मशीन नेऊ नका आणि नवीनही लगेच घेऊ नका, आधी पाणी प्रयोगशाळेत तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत, तिथे नमुना देता येतो. क्षार किती हे तर बघाच, पण अहवालात दोन ओळी नीट वाचा: फ्लोराइड आणि नायट्रेट. फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर दात आणि हाडं बिघडतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत ते बऱ्याच बोअरना आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे, शेतातल्या खतांमुळे आणि शोषखड्ड्यांमुळे ते वाढतं, आणि तान्ह्या बाळांना ते घातक आहे. उकळून यातलं काहीच जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. यूव्हीने जात नाही, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरनेही नाही. अहवालात हे मर्यादेबाहेर असेल तर आरओ खरंच लागतो आणि इथे मी तो घ्याच म्हणेन.

फक्त बसवताना एका गोष्टीवर हटून बसा. बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू असतो. पाणी अगदी सपक लागू नये म्हणून तो आरओच्या पाण्यात थोडं मूळ पाणी परत मिसळतो, आणि पाण्यात ‘मिनरल’ राहतात असं सांगितलं जातं ते बहुतेक याच्याच जोरावर. फ्लोराइडच्या बोअरवर त्या मिसळण्यातून फ्लोराइडच परत येतं. तो स्क्रू पूर्ण बंद करून घ्या, आणि मशीन लागल्यावर महिनाभराने त्यातून येणाऱ्या पाण्याचा नमुना पुन्हा त्याच प्रयोगशाळेत द्या.