वापरलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवलाय आन गाडी उचलंना? आधी हे बघ

भाऊ, आधी एक ऐक, बॉक्स परत खाली उतरवायची घाई करू नको. डी मध्ये टाकलं की गाडी उशिरा उचलते, आरपीएम (इंजिनचे फेरे) नुसताच वाढतो, आन आपल्याकडं ऑटोमॅटिकवाले मेकॅनिक कमी, मग जो तो म्हणतो बॉक्सच गेला. दरवेळी तसं नसतंय.

पहिलं गिअरबॉक्सचं ऑइल. गाडी फिरवून गरम कर, सपाट जागेवर लाव, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरव, मग पी मध्ये इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढ (होंडासारख्यांत इंजिन बंद करून बघतेत, मॅन्युअल बघून घे). थेंब पांढऱ्या फडक्यावर टेकव. लालसर असंल तर बरं, काळपट आन जळका वास म्हंजे आतल्या क्लचप्लेटा गेल्याचा संशय, गुलाबी दुधासारखं दिसलं तर कूलंट (इंजिन थंड ठेवायचं पाणी) आत शिरलंय, गाडी चालवूच नको.

मग
- लिव्हरची केबल: बॉक्स बदलल्यावर सेटिंग हमखास चुकतं
- वायरिंगचे कनेक्टर नीट बसलेत का
- स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाच, पुसायच्या आधी लिहून ठेव

नवे लोक दोन चुका लई करतेत. मिळंल ते ऑइल ओततेत, तेबी जास्तीचं, मग फेस होऊन गिअर आणखी घसरतो. दुसरं, जुन्या बॉक्सचा कचरा गिअर ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपात तसाच ठेवतेत, तो नव्यात जातो.

आन मे महिन्याच्या उन्हात जालना रोडला लोड टाकून टेस्ट घेऊ नको, उष्णतेनंच हे बॉक्स मरतेत.

ऑइलचा रंग आन कोड सांग, व्हॉल्व्ह बॉडीचं (बॉक्समधी ऑइलचं प्रेशर वळवून गिअर बदलणारा भाग) नंतर बघू. जमंल तुला.