पैलवान पालथा पडला की काय होतं?

मागच्या महिन्यात एका वाचकाला उत्तर देताना सहज लिहून गेलो की कुस्तीतला पोरगा एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, लाथा, बुक्क्या, कुस्ती सगळं चालतं तो खेळ) पिंजऱ्यात बाकीच्यांपेक्षा लवकर रुळतो. झालं, पत्रांचा ढीग. कराटेवाले चिडले, मर्दानी खेळवाले (पट्टा, लाठी चालवणारे) त्याहून जास्त चिडले, आणि कुस्तीवाले खूश झाले, जे मला जास्त धोक्याचं वाटतं. पाच प्रश्न घेतोय. पहिल्याला जागा जास्त जाणार, बाकीच्यांनी समजून घ्या.

सर, मी १९ वर्षांचा, कागल तालुक्यातला. आठ वर्षं तालमीत आहे, वजन ७४ किलो, जत्रेतल्या मैदानात बऱ्यापैकी नाव आहे. मित्र म्हणतात खबीबसुद्धा कुस्तीच करायचा, तू पण एमएमएला जा. वस्ताद म्हणतात तो खेळ नाही, मारामारी आहे. मातीतली कुस्ती तिथं चालेल का? खरं सांगा.

पैलवान, चालेल. पण जशी आहे तशी नाही चालणार, आणि कुठं अडेल ते ऐकायला तुला फार आवडणार नाही.

आधी चांगलं सांगतो. तू रोज पहाटे तालमीतल्या मातीच्या हौद्यात उतरतोस आणि समोरचा खरंच तुला पाडायला बघत असतो, तू त्याला. ही साधी गोष्ट वाटते पण जगातल्या निम्म्या युद्धकलांकडे हीच नाहीये. तिथं समोरचा ठरलेला हात ठरल्यासारखा पुढं करतो आणि तू तो ठरल्यासारखा मुरगळतोस. तुझ्या जोडीदाराने मात्र आजपर्यंत तुला एकही डाव फुकट दिलेला नसणार. एकेरी पट, दुहेरी पट, आतली टांग, ढाक, हे पाडायचे सगळे डाव पिंजऱ्यात जसेच्या तसे लागतात, आणि मान तर तुझी बैलासारखी असणारच. खबीब नुरमागोमेडोवचं म्हणशील तर तो एमएमएवाला रशियातल्या दागेस्तानचा, कुस्ती, साम्बो (रशियन झोंबीचा प्रकार) आणि ज्युदो असं मिळून शिकलेला, २९ लढती खेळला आणि २९ जिंकला. आपल्याकडच्या मातीशी नातं सांगणारा म्हणजे अर्जन भुल्लर, कॅनडात वाढलेला पंजाबी पैलवान, ऑलिम्पिक खेळून आला आणि २०२१ मध्ये वन चॅम्पियनशिप या एमएमए स्पर्धेचा हेवीवेट पट्टा घेऊन गेला.

आता अडचण. तुला लहानपणापासून एकच भीती घातलीय, पाठ टेकली की संपलं. चितपट म्हणजे हार, आणि चितपट व्हायचं नसेल तर पालथं पडायचं, छाती मातीला चिकटवायची, कोपरं आवळायची आणि वरचा दमेपर्यंत तसंच पडून राहायचं. हे तुझ्या अंगात इतकं मुरलंय की तू विचार करून करतच नाहीस.

१९१० ला लंडनमध्ये गामा पैलवानासमोर पोलंडचा झिबिस्को असाच पडून राहिला होता. अडीच तासांवर कुस्ती चालली, त्यातला बहुतेक वेळ हा गडी पोटावर, आणि गामासारख्या गामाला तो उलटता आला नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने परत लढायचं ठरलं तर झिबिस्को आलाच नाही. पुढं १९२८ ला पटियालात गामाने त्याला मिनिटाच्या आत लोळवलं तो भाग वेगळा. पण मी काय म्हणतो, लंडनमध्ये जे झिबिस्कोला वाचवून गेलं तेच आज पिंजऱ्यात केलं असतं तर अर्ध्या मिनिटात मागून गळ्यात हात पडला असता. तिथं पाठ टेकली तर काहीच होत नाही, उलट ब्राझिलियन जिउजित्सूवाला (जमिनीवर झोंबून गळा नाहीतर सांधा धरणारा) मुद्दाम पाठीवर पडतो आणि पायांनी तुला बांधतो. पण पाठ दिलीस, म्हणजे पालथा पडून मागची बाजू समोरच्याला दिलीस, की गेलास.

माझंच सांगतो. तालीम सुटून चार-पाच वर्षं झाली होती, वजन ८८, पुण्यात एका जिममध्ये पहिल्यांदा जिउजित्सूला गेलो, समोर ६० किलोचा चष्मेवाला पोरगा, चष्मा काढून ठेवला त्याने बाजूला. मी त्याला दोनदा असा आपटला की मलाच वाईट वाटलं. दोन्ही वेळा तो खालूनच हसत माझ्या हाताला लटकला, मी सवयीने पालथा झालो, त्याने मागून गळा धरला आणि मी थोपटलं, म्हणजे हाताने थोपटून हार मानली. आठ मिनिटात पाच वेळा. घरी येऊन बायकोला काही सांगितलं नाही.

मोठ्या लोकांचंही हेच झालंय. रितू फोगाट, केवढ्या नावाच्या घरातली पैलवान, २०२१ ला वन चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये स्टॅम्प फेअरटेक्स या थायलंडच्या मुलीसमोर उभी राहिली. स्टॅम्प मुळात मुय थायची, म्हणजे लाथाबुक्क्यांची, पण तिने रितूला हरवलं ते लाथेने नाही, खालून हात लॉक करून. भरत खंडारे, हा पण कुस्तीतलाच, भारतातून यूएफसीत, म्हणजे अमेरिकेतल्या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, गेलेला पहिला, २०१७ ला शांघायला पहिल्याच राऊंडमध्ये गिलोटिनमध्ये अडकला, म्हणजे पुढून मानेला घातलेला फास. पट काढायला डोकं खाली आणि बाहेरच्या बाजूला ठेवून आत घुसायची आपली जी पद्धत आहे तिला हा फास टपूनच बसलेला असतो. आणि फार मागं जायचं तर १९७६ कराची, गामाचा पुतण्या अक्रम पैलवान आणि जपानचा इनोकी. इनोकीने हात पिरगाळून धरला, अक्रमने हार काही मानली नाही, आणि हात कामातून गेला. सांध्याच्या डावावर वेळीच थोपटायचं असतं हे आपल्या पैलवानाला कुणी शिकवलेलंच नसतं, कारण आपल्या मैदानात ते डावच बंद.

तर करायचं काय. कुस्ती सोडू नकोस. कोल्हापुरात-पुण्यात आता नो-गी ग्रॅपलिंग (जाड जॅकेट न घालता केलेली जमिनीवरची झोंबी) शिकवणारे आहेत, आठवड्यातून तीन दिवस जा, आणि पहिले सहा महिने फक्त दोन गोष्टी, पाठीवर पडून निवांत राहायला शिक आणि पालथं पडलास की लगेच उठायला शिक, पडून राहायचं नाही. मग बॉक्सिंग. खडाखडीत, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीच्या चाचपणीत, आपण डोक्याला डोकं लावून, हात पुढं करून वाकून उभे राहतो ना, तिथंच गुडघा बसतो, म्हणून उभं राहायची ढब बदलावी लागेल, आणि ही सवय सगळ्यात उशिरा सुटते. पैशाच्या आशेने जात असशील तर थांब, सुरुवातीची काही वर्षं जत्रेचं इनाम जास्त भरेल.

वस्तादांचं म्हणशील तर भांडू नकोस. मातीऐवजी मॅट आली तेव्हापण अशीच कुरकुर होती. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा मॅट त्यांना नवीच होती, सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले. आज महाराष्ट्र केसरीत माती आणि मॅट दोन्ही गट आहेत आणि कुणाला काही वाटत नाही. वस्तादांना हे सांग, आणि सांगताना पाया पडून सांग.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. कराटे क्लासवाले म्हणतात अडीच वर्षांत ब्लॅक बेल्ट देऊ. तुमचा लेख वाचून मिस्टर म्हणतात कराटे बंद कर, उपयोग नाही. काय करू?

ताई, मिस्टरांना सांगा मी असं लिहिलं नव्हतं. ल्योटो माचिदा हा शोटोकान कराटेवाला २००९ ला यूएफसीचा लाइट हेवीवेट चॅम्पियन झाला. यूएफसीचाच दुसरा चॅम्पियन जॉर्ज सेंट पिएर, त्याची सुरुवात क्योकुशिन कराटेतली. माचिदाला लोक हसायचे की हा उड्या मारत लांब लांबच फिरतो, पण ते अंतर राखणं आणि टप्प्यात येताक्षणी एक फटका मारून परत बाहेर, हेच तर पॉइंटवाल्या कराटेत शिकवतात.

पण क्लास आणि क्लास यात फरक असतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटेची एक फायनल झाली, पुरुषांची ७५ किलोवरची. सौदीचा हमेदी पुढं होता, त्याने इराणच्या गंजजादेहच्या डोक्यात अशी लाथ घातली की तो बेशुद्ध पडला. गोल्ड कुणाला? बेशुद्ध पडलेल्याला. कारण नियमात लाथ डोक्याला लागली पाहिजे पण आवरून, हमेदीची जास्त जोरात बसली म्हणून तो बाद. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही, तो त्यांचा खेळ आणि ते त्यांचे नियम, फक्त त्या खेळात तयार झालेला माणूस कशात तयार झालाय हे आईबापांना माहीत पाहिजे.

तुम्ही एक करा, क्लासच्या वेळेत न सांगता जाऊन बसा. पोरं हातात ग्लोव्हज घालून, तोंडात माउथगार्ड लावून एकमेकांशी खेळतात का नुसती रांगेत उभी राहून हवेत मारतात ते बघा. खेळत असतील तर चालू ठेवा. अडीच वर्षांत ब्लॅक बेल्टची खात्री आधीच देतायत हे मला आवडलेलं नाही, नऊ वर्षांच्या मुलीला बेल्ट विकत नको असतो, धावायला नि पडायला जागा हवी असते. जवळ ज्युदोचा चांगला क्लास असेल तर मी तिथं घालेन, न लागता पडायचं कसं हे तरी शिकेल, आणि ते सत्तराव्या वर्षी बाथरूममध्येपण कामाला येतं.

चीनमध्ये ताई ची मास्टरला दहा सेकंदात मारलं तो व्हिडिओ खरा आहे का? खरा असेल तर ह्या जुन्या कला सगळ्या भंकसच ना?

खरा आहे. एप्रिल २०१७, चेंगदू, मारणारा एमएमएवाला शू शियाओदोंग, मार खाणारा ताई चीवाला वेई लेई. पण "सगळ्या भंकस" कशावरून? चीनचंच वुशू सांदा घ्या, लाथा, बुक्क्या आणि पाडणं, सगळं खरोखरचं. मुझफ्फरनगरची पूजा तोमर त्यातूनच आली आणि २०२४ ला यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला झाली. वेई लेईची चूक एवढीच की त्याला आयुष्यात कुणी खरोखर मारायला आलंच नव्हतं, शिष्य सगळे वाकून नमस्कार करणारे.

मी मर्दानी खेळ शिकतो आणि शिकवतोही. दांडपट्ट्याचं रील टाकलं की खाली कमेंट येतात, "एमएमएवाल्यासमोर दोन सेकंद टिकणार नाही." शिवकालीन कलेचा हा अपमान आहे. उत्तर द्या त्यांना.

दादा, उत्तर देतो, पण त्यातलं थोडं तुम्हालाही लागेल.

कमेंटवाल्यांना: पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ आणि पुढं लांब लवचिक पातं. तो चारी बाजूंनी माणसं अंगावर आली की त्यांना लांब ठेवायला, घेरा तोडायला. त्याची बरोबरी ग्लोव्हज घातलेल्या माणसाशी लावणं म्हणजे नांगराची शर्यत मोटारसायकलशी लावणं. पिंजऱ्यात हत्यार नेत नाहीत, विषय संपला.

आता तुम्हाला. "आमची कला इतकी घातक आहे की खेळात वापरताच येत नाही" हे वाक्य मी मर्दानी खेळवाल्यांकडून ऐकलंय, कराटेवाल्यांकडून ऐकलंय, सगळ्यांकडून ऐकलंय. जपानमध्ये जिगोरो कानोने १८८२ ला ज्युदो सुरू केला तेव्हा बरोबर उलटं केलं. जुन्या जिउजित्सूतले जे डाव सरावात पूर्ण ताकदीने लावता येत नाहीत ते सरावाच्या झोंबीतून काढले, आणि उरलेले रोज पूर्ण ताकदीने, प्रतिकार करणाऱ्या माणसावर. म्हणजे कमी घातक डाव, पण रोजचे, म्हणून शेवटी तेच जास्त घातक. त्याच परंपरेतला माएदा ब्राझीलला गेला, त्याच्याकडून ग्रेसी घराण्यात ती विद्या गेली, आणि १९९३ ला डेन्व्हरमध्ये पहिल्या यूएफसीत हॉइस ग्रेसी नावाचा बारीक पोरगा एका रात्रीत तीन जणांना थोपटायला लावून गेला.

आणि हे आपल्याकडे नव्हतं असं कुठंय? फरी-गदगा आठवतोय का? एका हातात चामड्याची छोटी ढाल, दुसऱ्या हातात चामडं चढवलेली काठी, आणि समोरच्याला खरोखर मारायचं, त्याने खरोखर अडवायचं. बोथाटी काय आहे? पातं नसलेला भाला, टोकाला कापडाचा गोळा, तो रंगात बुडवायचा म्हणजे कुणाला कुठं लागलं ते अंगावर दिसतं. आपले पूर्वज खुळे नव्हते, त्यांना सरावाला खराखुरा विरोध लागतो हे माहीत होतं म्हणून त्यांनी ही हत्यारं मुद्दाम बोथट केली. आपण काय केलं, बोथाटी मिरवणुकीपुरती ठेवली, फरी-गदगा जवळजवळ सोडून दिला, आणि डोळ्यावर पट्टी बांधून पोटावरचं लिंबू कापायचं मात्र जपलं, कारण त्याला टाळ्या पडतात. (लिंबू हलत नाही हो.)

पंजाबात बघा, गतक्यात काठी आणि फरी घेऊन पॉइंटवर सामने होतात, खेलो इंडियात गेला तो खेळ. तुमच्या आखाड्यात दहा पोरं असतील तर दहा हेल्मेट, जाड हातमोजे आणि फोम गुंडाळलेल्या काठ्या एवढाच खर्च आहे. रविवारी सकाळी रंगात बुडवलेली बोथाटी काढा आणि पोरांना एकमेकांवर सोडा. पहिले दोन महिने सगळे पवित्रे विसरतील, नुसती झोडपाझोडपी होईल, तुम्हाला वाईट वाटेल. तिसऱ्या महिन्यात एखादा पोरगा आपोआप पवित्रा घेऊन बाजूला सरकेल आणि समोरच्याचा वार हवेत जाईल. त्याचं रील टाका.

पैलवानांचे कान असे फ्लॉवरसारखे का होतात? लग्नाच्या फोटोत फार दिसतात.

घासून आणि दाबून कानातल्या कूर्चेच्या (मऊ हाडाच्या) आणि वरच्या आवरणाच्या मध्ये रक्त साचतं, ते तसंच राहिलं की घट्ट होतं आणि कान सुजल्यासारखा कायमचा राहतो. सुजल्यावर दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडं जाऊन ते काढून घेतलं आणि दाबून बांधलं तर वाचतो, आपल्याकडं कुणी जात नाही. आता जुना झाला असेल तर फोटोग्राफरला सांगा एका बाजूने काढ. माझे दोन्ही गेलेत, मी फेटा बांधला होता.